ताऱ्याचा काठ

निवृत्त झाल्यापासून लोक मला दोनच प्रश्न विचारतात. वेळ कसा जातो, आणि एकतीस वर्षं तेच ते फिजिक्स शिकवून कंटाळा कसा आला नाही. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वेळ मजेत जातो, दुपारी जेवून झोपते. दुसऱ्याचं उत्तर द्यायला लागले की समोरच्याचा चहा गार होतो, म्हणून हल्ली ते कोणी फारसं विचारत नाही. या अंकाच्या संपादकांनी विचारलं, आता भोगा.

मी राहायला कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, आणि नोकरी जयसिंगपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात. सकाळची एसटी पकडायची, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचं, संध्याकाळी परत. वर्गातली निम्मी पोरं आसपासच्या गावांतून यायची. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली आणि सायन्स घेतलं म्हणून एकदम इंग्रजीच्या डोहात ढकललेली. पहिले तीन महिने ती काही बोलायचीच नाहीत. त्यांना बोलतं करणं हाच माझा खरा धंदा होता, फिजिक्स त्याच्या नंतर.

माझा लाडका धडा मुक्तिवेगाचा. ज्यांनी दहावीनंतर या विषयाला रामराम ठोकला त्यांच्यासाठी सांगते. चेंडू वर फेकला की खाली येतो. जोरात फेकला की आणखी वर जाऊन खाली येतो. असा जोर वाढवत गेलात तर एक वेग असा येतो, की त्या वेगाने सुटलेला चेंडू परत येतच नाही. तोच मुक्तिवेग. पृथ्वीवरून सुटायचं तर सेकंदाला अकरा किलोमीटरच्या थोडा वर लागतो. त्या वेगाने जयसिंगपूरहून कोल्हापूरला चार सेकंदांच्या आत पोचता येईल. आमच्या एसटीला सव्वा तास लागायचा.

तारा असला की आकडे मोठे होतात. सूर्याच्या पृष्ठभागावरून सुटायला सेकंदाला सहाशेच्या वर किलोमीटर लागतात. पण सुरुवातच लांबून केली तर कमी वेग पुरतो. पृथ्वी सूर्यापासून जेवढी लांब आहे, तिथून सूर्याच्या तावडीतून सुटायला बेचाळीस पुरतात. अंतर चौपट केलं की लागणारा वेग निम्मा होतो, असा सरळ मामला आहे. गोम एकच. हे अंतर ताऱ्याच्या केंद्रापासून मोजायचं. पोरं हमखास पृष्ठभागापासूनचं अंतर तसंच सूत्रात घालायची, ताऱ्याची त्रिज्या त्यात मिळवायला विसरायची आणि उत्तर चुकवायची. मी वर्गभर ओरडत फिरायचे, "मधनं मोज, मधनं!" त्यावरून पोरांनी माझं नाव 'मधनं मॅडम' ठेवलं होतं. ते मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

या धड्यात मला आवडतं ते मात्र आकड्यांपलीकडचं. ताऱ्याची ओढ कुठेच संपत नाही. कितीही लांब जा, ती असतेच, फक्त कमी कमी होत जाते. आणि तरीही सुटता येतं. हे सांगताना दरवर्षी माझा आवाज जरा बदलायचा, आणि मागच्या बाकावरची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची.

मुक्तिवेग या शब्दाने मला गिऱ्हाइकंही भलतीभलती मिळवून दिली. एकदा आमच्या पेठेतल्या वाचनालयात याच विषयावर व्याख्यान दिलं. पुढच्या रांगेत शाल पांघरून, डोळे मिटून, हात जोडून एक आण्णा बसले होते. बाहेरच्या फळ्यावर नुसतंच 'मुक्तिवेग' असं लिहिलेलं वाचून ते आत आले होते. व्याख्यान संपल्यावर काठी टेकत माझ्याकडे आले आणि म्हणाले, सुटणाऱ्याचं वजन किती का असेना, लागणारा वेग तोच, असं तुम्ही म्हणालात ते खरं का? म्हटलं, खरं. मग पापाचं वजन? म्हटलं, तेही यात धरत नाहीत. आण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्या वर्षी मी कृष्णविवरावर बोलणार आहे असं कळल्यावर ते आणखी दोन मित्रांना घेऊन आले.

हे सगळं हसतखेळत सांगता येतं. आता जे सांगायचंय ते तसं सांगता येत नाही. संपादकांना म्हटलं होतं, गमतीजमती लिहून देते. पण लिहायला बसले आणि सानिकाच समोर येऊन उभी राहिली.

सानिका कुरुंदवाडची. वडिलांची पिठाची गिरण. अकरावीत ती माझ्या वर्गात आली तेव्हा दुसऱ्या बाकावर बसायची आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा हात वर जायचा. आमच्याकडच्या मुली बोलताना 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात, तशी ती म्हणायची, "मॅडम, मी एक विचारतो." आणि विचारायची ते असं, की मला संध्याकाळी एसटीत बसून त्याचा विचार करावा लागायचा. ओढ कधी संपतच नाही तर सुटलं असं म्हणायचं तरी कधी, हे मला तिनेच विचारलं होतं. एकतीस वर्षांत तो प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही.

त्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेने उन्हाळ्यात महिनाभराचं शिबिर ठेवलं होतं. ताऱ्यांचा अभ्यास, मोठ्या दुर्बिणी बघायला मिळणार, शास्त्रज्ञ शिकवणार. आमच्या कॉलेजातून एकाला घेणार होते. निवड परीक्षा आम्हीच घ्यायची, पेपर मात्र त्यांच्याकडून इंग्रजीत आला. मी हट्टाने म्हटलं, परीक्षा फिजिक्सची आहे, इंग्रजीची नव्हे. ज्याला मराठीत हवा त्याला मराठीत पेपर मिळेल, भाषांतर मी करते. प्राचार्यांनी मान डोलावली. या गोष्टीचा मला केवढा अभिमान होता, काय सांगू.

मराठी पेपर घेणाऱ्यांत सानिका होती. शेवटचा प्रश्न मुक्तिवेगाचा, म्हणजे माझ्या घरचाच. एका ताऱ्याच्या पृष्ठभागावर मुक्तिवेग सेकंदाला सहाशे किलोमीटर आहे, तर ताऱ्यापासून तीन त्रिज्यांइतक्या अंतरावर तो किती असेल? माझ्याजवळच्या उत्तरसूचीत उत्तर होतं तीनशे सेहेचाळीस. सानिकाचं आलं होतं तीनशे. आकडेमोडीच्या वर तिने एक ओळ लिहिली होती. 'ताऱ्यापासून म्हणजे ताऱ्याच्या काठापासून, असे धरले आहे.' म्हणजे तिने काठापासूनच्या तीन त्रिज्या घेतल्या, त्यात ताऱ्याची स्वतःची एक मिळवली, केंद्रापासून चार झाल्या. चौपट अंतर, निम्मा वेग. मी वर्षभर कानीकपाळी ओरडले होते तेच तिने केलं होतं.

मी ते वाचलंच नाही नीट. 'काठ' या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि सगळे गुण कापले. तेवढ्या गुणांनी तिची पहिली जागा गेली. इंग्रजी पेपर लिहिलेली दुसरी मुलगी निवडली गेली.

एवढ्यावर थांबले असते तर ती नुसती चूक झाली असती. पण माझी एक पद्धत होती. पेपर वाटताना मी त्यातले नमुने मोठ्याने वाचून दाखवायचे. पोरं हसायची, वर्ग हलका व्हायचा, मला ते फार छान जमतं असं मला वाटायचं. सानिकाची ओळ मी वाचली आणि म्हणाले, "ताऱ्याला काठ? अगं, ही काय कृष्णा नदी आहे? मग घाटही बांधला असशील तिथं, आणि धुणी वाळत घातली असशील."

साठ पोरं खदाखदा हसली. तीही हसली, खाली बघून. पेपर घेतला, घडी केली, दप्तरात ठेवला.

तास संपल्यावर ती शिक्षकांच्या खोलीशी आली. मी चहा पीत होते. म्हणाली, "मॅडम, आमच्यात नदीपासनं घर किती लांब असं विचारलं की काठापासनंच सांगतात. पूर आला की सगळा गाव तेच विचारतो. मधल्या धारेपासनं कोण मोजतंय?" ती भांडायला आली नव्हती, समजावून सांगत होती. मी म्हटलं, तारा म्हणजे नदी नव्हे सानिका, अंतर मधनं मोजतात, वर्षभर काय ऐकलंस? ती बरं म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या बाकावर बसायला लागली. तिचा हात पुन्हा वर आला नाही, आणि खरं सांगते, ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मे महिन्यात मी निवृत्त होणार होते. सुट्टीत जाऊन कपाट रिकामं करत बसले होते. आमच्या ऑफिसातले क्लार्क तिथे आले आणि बोलता बोलता म्हणाले, "मॅडम, तुमची ती कुरुंदवाडची हुशार पोरगी दाखला मागायला आलती. सायन्स सोडतीया. आर्ट्सला जाणार म्हणं." मी म्हटलं, का? ते म्हणाले, काय म्हाईत, मला जमत न्हाय म्हणाली. बारावी सुरू व्हायला अजून वेळ आहे, म्हणून त्यांनी तिला आठ दिवसांनी यायला सांगितलं होतं.

मला राग आला. तिचाच. इतकी चांगली मुलगी आणि एका पेपरानं खचते म्हणजे काय? तिची प्रत तर तिच्याकडेच होती, म्हणून निदान प्रश्नपत्रिका पुन्हा बघावी असं म्हणत मी कपाटातला गठ्ठा उपसला. त्यात पुण्याहून आलेला मूळ इंग्रजी पेपर होता. शेवटचा प्रश्न वाचला. मग पुन्हा वाचला. इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, ताऱ्याच्या केंद्रापासून तीन त्रिज्यांवर. खाली माझं भाषांतर, माझ्याच अक्षरात. त्यात 'केंद्र' नव्हतंच. आयुष्यभर 'मधनं, मधनं' म्हणून घसा कोरडा केलेल्या बाईने तेवढाच शब्द खाल्ला होता. इंग्रजी वाचणाऱ्या मुलीला तो मिळाला. मराठी वाचणाऱ्या मुलीला मिळाला नाही, तर तिने आपण काय धरलं ते प्रामाणिकपणे लिहून, पुढचं सगळं अचूक करून दाखवलं होतं. 

पुण्याला फोन केला. शिबिर अर्धं झालं होतं, आता कुणाला घेता येणार नाही असं ते म्हणाले. ते गेलंच. आता प्रश्न एवढाच होता, की ती दाखला काढायच्या आत मला तिच्यापर्यंत पोचायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरुंदवाडची एसटी धरली. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. काही गैरसमज झाला, भाषांतरात थोडी संदिग्धता राहिली, अशी वर्तमानपत्रात शोभतील अशी वाक्यं.

गिरण भर रस्त्यावर, आणि चालू. दारात पाच-सहा बायका डबे घेऊन बसलेल्या. आत सानिकाचे वडील, भुवयांपर्यंत पांढरे. गिरणीच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येत असावं, कारण ते सगळं ओरडूनच बोलत होते. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, मी सानिकाच्या कॉलेजातली, तिच्या पेपरात जरा गैरसमज झाला होता.

"आं?"

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी कानामागे हात धरला. "चूक? व्हय, सांगितलं की तिनं. चुकलं म्हणून तर घरात बसलीया. मोठ्यानं बोला बाई, काय बी ऐकू येत न्हाय."

गैरसमज आणि संदिग्धता हे शब्द ओरडून म्हणता येत नाहीत, हे मला तिथे कळलं. ओरडायचं तर खरंच ओरडावं लागतं. मी पोटातून आवाज काढला. "सानिकाचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी झाली. माझी!" तेवढ्यात त्यांनी गिरण बंद केली होती. शेवटचा 'माझी' रस्त्याच्या पलीकडच्या दुकानापर्यंत गेला असेल.

बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, कसली चूक ओ? मग काय करणार, गिरणीच्या दारात उभी राहून मी त्यांना मुक्तिवेग समजावून सांगितला. तारा, अंतर, खाल्लेला शब्द, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जिने विचारलं होतं ती डबा मांडीवर घेत म्हणाली, "काठापासनंच की. पाण्यात उभं राहून कोण मोजतंय?" बाकीच्यांना ते इतकं उघड वाटलं की त्यांनी मान हलवायचेही कष्ट घेतले नाहीत.

वडिलांनी आत हाक मारली. सानिका बाहेर आली, मला बघून थबकली. मी तिला मूळ पेपर दाखवला. तिने तो वाचला, माझं भाषांतर वाचलं, बोट ठेवून दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या.

"मग तीनशे बरोबर?"

"बरोबर."

"पूर्ण मार्क?"

"पूर्ण. आणि शिबिर माझ्यामुळं गेलं तुझं. ते मला परत आणून देता येत नाही गं."

मग मात्र ती तिथल्याच एका पोत्यावर बसली आणि रडली.  वडील पिठाचा हात तिच्या डोक्यावर ठेवून उभे राहिले, तिचे केस पांढरे झाले तरी त्यांना सुधरेना. मीही रडले. मला लाज वाटली नाही, तिथे सगळ्यांना सगळं कळूनच चुकलं होतं. थोड्या वेळाने डोळे पुसून ती म्हणाली, "मॅडम, हे वर्गात सांगाल?"

मी म्हटलं, सांगते.

सानिकाने दाखला काढला नाही. बारावी केली, बीएस्सी केली, आता पुण्याला एमएस्सी करते आणि ताऱ्यांचंच काहीतरी करते. मला समजावून सांगते, निम्मं समजतं. हे माझ्यामुळे झालं असं कुणी म्हणू नये. माझ्यामुळे ते होता होता राहिलं होतं.

आणि वर्गात सांगायचं राहिलं ते राहिलंच. त्याच महिन्याअखेर माझा निरोप समारंभ झाला. नारळ मिळाला, शाल मिळाली, मॅडमच्या हातून कधी चूक झाली नाही असं एक जण भाषणात म्हणाले, आणि मी मान खाली घालून बसून राहिले. जुलैत बारावीचा वर्ग भरला. तीच साठ पोरं. माझ्या जागी आलेल्या सरांकडे दहा मिनिटं मागायची आणि सकाळची एसटी पकडायची, एवढंच करायचं होतं. एकदा तयार होऊन स्टँडवर गेलेसुद्धा. गाडी लागली होती, कंडक्टर ओळखीचा, या की मॅडम म्हणाला. मी घरी परत आले. शाल-नारळ घेऊन बाहेर पडलेल्या बाईला त्याच दारातून आत जाऊन माझं चुकलं म्हणणं जमलं नाही. गिरणीच्या दारात जमलं होतं, कारण त्या बायकांनी मला कधी मॅडम म्हणून पाहिलं नव्हतं. पोरं बारावी होऊन पांगली. सानिकाने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

या लेखाचं पत्र आलं तेव्हा मी तिला फोन केला. म्हटलं, अगं, काय लिहू? आण्णांची गंमत लिहू का? ती हसली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही वर्गात सांगते म्हणालता."

म्हटलं, आता वर्ग कुठून आणू? ती म्हणाली, त्यातली बरीच पोरं दिवाळी अंक वाचत असतील. आणि माझं नाव बदलू नका.

म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. त्या दिवशी अकरावीच्या वर्गात जे साठ जण हसलात, ते आज कुठे कुठे असाल, कुणी बँकेत, कुणी शेतात, कुणी परदेशी. तुमची चूक नव्हती, हसवलं मी. पण आता नीट ऐका, मी मोठ्याने सांगते आहे. सानिकाचं उत्तर बरोबर होतं.